चोवीसच्या पुढची मोकळी जागा

२०१२ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. भडगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी लिहिलेला प्रोग्रॅम चालू होता. भुईकाट्यावरचं वजन घ्यायचं, भावाने गुणायचं, हमाली-तोलाई वजा करायची आणि चिठ्ठी छापायची, एवढंच त्याचं काम. आठ हंगाम त्याने ते बिनतक्रार केलं होतं. एका संध्याकाळी मुनीमजींचा फोन आला, "ताई, जरा लगेच या. एक आबा हिशेब मानत नाहीत."

आबा सत्तरीचे, गिरणाकाठच्या एका खेड्यातले. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्या हातात चिठ्ठी होती. वजन २४.०० क्विंटल, भाव ४,००० रुपये, एकूण ९६,००० रुपये. आबांनी काट्यावरचे लाल आकडे स्वतः पाहिले होते. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की कापूस २,४८५ किलो. ते म्हणाले, "पंचवीस क्विंटलना लाख. पंधरा किलोना सहाशे कमी. नव्व्याण्णव हजार चारशे व्हतस." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, तुनं मशीन पंच्याऐंशी किलो कापूस खाई गयं."

त्या दिवसांत काट्याकडून कॉम्प्युटरकडे येणारी वायर उंदरांनी कुरतडलेली होती, म्हणून मुनीमजी वजन हाताने टाइप करत होते. त्यांनी चोवीस टाइप केले, बोट स्पेसबारला लागलं, मग टिंब आणि पंच्याऐंशी. पडद्यावर चोवीस आणि टिंब यांच्यामध्ये एक बारीक मोकळी जागा. माणसाच्या डोळ्याला ती दिसलीही नसती. माझ्या प्रोग्रॅमने मात्र त्या जागेपाशी वाचणं थांबवलं, चोवीस हे उत्तर पुढे दिलं आणि उरलेलं टाकून दिलं. कसली सूचना नाही, आवाज नाही. ३,४०० रुपये गेले. चार बायांच्या जवळपास आठवडाभराच्या मजुरीएवढे.

जिनिंगवाल्यांनी फरक तिथल्या तिथे चुकता केला. दोष त्यांचा नव्हता, मुनीमजींचाही नव्हता. दोष माझा होता, आणि ज्या पद्धतीने मी सी भाषा शिकले, त्या पद्धतीचा होता. ती पद्धत आजही वर्गावर्गांतून चालू आहे, म्हणून हा लेख.

कीबोर्डवरून किंवा काट्याच्या वायरीतून जे येतं ते कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं असतात. इंग्रजी ‘सात’ हे चिन्ह त्याच्यासाठी ५५ क्रमांकाचं अक्षर आहे. त्यातून ४८ वजा केले की सात ही संख्या मिळते. पुढचं अक्षर आलं की आधीच्या उत्तराला दहाने गुणायचं आणि नवा अंक मिळवायचा. आपण शाळेत एकं, दहं, शतं म्हणायचो तीच रीत, फक्त डावीकडून. टिंब आलं की दशांश सुरू. अंक नसलेलं काही भेटलं की थांबायचं.

सी भाषेत या कामासाठी तयार फंक्शन आहे, ‘एटूएफ’. त्याला अक्षरांची ओळ द्यायची, ते अपूर्णांकासह संख्या परत देतं. एका ओळीचं काम. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली, आणि १९७८ मध्ये त्यांनी ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात हेच फंक्शन उदाहरण म्हणून घेतलं. शिकवायला ते फार सुंदर आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून दाखवलं आहे.

‘एटूएफ’ला एकच उत्तर देता येतं, आणि ते म्हणजे संख्या. ‘मला कळलं नाही’ असं म्हणायला त्याच्याकडे जागाच नाही. कोरा रकाना दिला तर शून्य. ‘कापूस’ हा शब्द दिला तर शून्य. खरोखर शून्य टाइप केलं तरीही शून्य. तिन्ही वेळा तेच उत्तर. ‘सात हजार वीस’ हा भाव आपल्या सवयीप्रमाणे स्वल्पविराम देऊन टाइप केला तर उत्तर सात येतं, कारण स्वल्पविराम हा अंक नाही. शून्याऐवजी घाईत इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला तर ‘ओ’च्या अलीकडचं तेवढं घेतलं जातं. संख्या मावणार नाही एवढी मोठी असेल, तर काय होईल याची हमी भाषेचा नियमग्रंथसुद्धा देत नाही.

उत्तर शून्य आलं की निदान डोळ्यांत खुपतं. ट्रॉलीभर मालाची शून्याची चिठ्ठी पाहून कोणीही ओरडेल. घात करतं ते अर्धवट वाचलेलं उत्तर. चोवीस क्विंटल हे खरंच वाटतं. मी त्या रात्री हंगामातल्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन बसले आणि काट्याच्या वहीशी ताडून पाहिल्या. आणखी तीन चिठ्ठ्या तशाच निघाल्या. दोन शेतकऱ्यांच्या तोट्याच्या. तिसऱ्या चिठ्ठीत रिकाम्या गाडीचं वजन कापलं गेलं होतं, तो तोटा जिनिंगचा. त्या तिघांपैकी कोणालाच कळलं नव्हतं. आबांना कळलं, कारण त्यांनी तोंडी हिशेब केला होता.

त्या तोंडी हिशेबाबद्दल मला जरा बोलू द्या. आबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली. औट म्हणजे साडेतीन. पुढे मी कॉम्प्युटरच्या पोटात संख्या कशी राहते ते शिकले, तेव्हा ही जुनी पाठांतरं मला नव्याने दिसली. पाव, अर्धा, पाऊण हे सगळे अपूर्णांक अर्ध्याचं अर्धं करत मिळतात, आणि यंत्रही नेमकं अर्ध्याचं अर्धं करतच अपूर्णांक साठवतं. म्हणून पाव किंवा पाऊण यंत्रात तंतोतंत बसतात. सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा सहा आणे हे ०.३७५, तेही तंतोतंत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसाचा हिशेब सोपा झाला, पण दहा पैसे म्हणजे ०.१ रुपया, आणि तो यंत्रात कधीच पूर्ण बसत नाही. आत ०.१००००००००००००००००५५५ असं काहीतरी पुढे लांबत जाणारं राहतं. फरक नगण्य आहे, पण हजारो वेळा मिळवला की वर येतो. म्हणून पैशाचा हिशेब पैशांत आणि वजनाचा हिशेब किलोत, पूर्ण संख्येत ठेवावा, हे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

आकड्याचं शेपूट कापण्याचं हे प्रकरण आपल्यापुरतं नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ मध्ये १,००० पासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांश स्थळांपुढचं सरळ कापून टाकलं जाई. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२५ च्या आसपास घसरला. बाजार तर चांगला चालला होता! दुरुस्त करून पाहिल्यावर खरा आकडा १,०९८ च्या वर निघाला. दर वेळी हजाराव्या भागाहून कमी जात होतं, आणि पावणेदोन-दोन वर्षं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अक्षरांतून संख्या वाचणं हे किरकोळ काम आहे, हा समजही खोटा आहे. दिलेल्या दशांशाला यंत्रातली सर्वांत जवळची संख्या कोणती, हे दर वेळी अचूक कसं शोधायचं, यावर विल्यम क्लिंगर यांचा पायाभूत शोधनिबंध १९९० मध्ये आला. म्हणजे सी भाषा जन्मल्यानंतर अठरा वर्षांनी. आणि जानेवारी २०११ मध्ये असं उघड झालं की पीएचपी या भाषेला २.२२५०७३८५८५०७२०११ पुढे दहाचा उणे ३०८ वा घात असं लिहून दिलं, तर काही यंत्रांवर ती त्या एका आकड्यावर गोल गोल फिरत राहते आणि सर्व्हर अडकतो. महिन्याभरात जावामध्येही तसाच दोष सापडला. जगभरच्या वेबसाइट ज्यांवर चालतात त्या भाषांची ही गोष्ट. तेव्हा हे काम आपण पहिल्या सत्रात अर्ध्या तासात उरकतो ते बरोबर नाही.

उपाय जुनाच आहे. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत ‘स्ट्रटूडी’ हे फंक्शन आहे. ते संख्या तर देतंच, शिवाय आपण वाचायचं कुठे थांबलो ती जागाही सांगतं. मोकळ्या जागेपाशी थांबलं असेल आणि पुढे अजून अक्षरं असतील, तर प्रोग्रॅमला लगेच कळतं की काहीतरी उरलंय. सुरुवातीपाशीच थांबलं असेल, तर मुळात संख्याच नव्हती. आकडा आवाक्याबाहेर गेला असेल तर ‘एरनो’ नावाच्या खुणेत तशी नोंद होते, फक्त आधी ती खूण पुसून ठेवावी लागते. सी भाषेचा नियमग्रंथ म्हणतो की चुकीच्या वेळचं वागणं सोडलं तर ‘एटूएफ’ म्हणजे ‘स्ट्रटूडी’च, थांबल्याची जागा न विचारता वापरलेलं. म्हणजे यंत्राला ती जागा माहीत असते. विचारायचं आपणच टाळतो.

‘स्ट्रटूडी’ वापरतानाही डोळे उघडे हवेत. १९९९ च्या नियमांपासून ते ‘इन्फ’ म्हणजे अनंत आणि ‘नॅन’ म्हणजे ‘ही संख्या नव्हे’ हे शब्दही ओळखतं. आमच्या खान्देशात घरोघरी एक नाना असतात. वजनाच्या रकान्यात चुकून इंग्रजी अक्षरांत ‘नाना’ टाइप झालं, तर त्यातली पहिली तीन अक्षरं ‘नॅन’ म्हणून स्वीकारली जातात. त्या ‘नॅन’ची गंमत अशी की तो कशाहूनही मोठा नसतो, कशाहूनही लहान नसतो. ‘वजन शून्याहून कमी असेल तर नकार द्या’ अशी अट लिहिली असेल, तर तो तिच्यातून सुखरूप पार होतो. उरलेली अक्षरं तपासली तरच पकडला जातो, आणि नुसतं ‘नॅन’ टाइप झालं तर तेवढ्यानेही नाही. त्याची वेगळी तपासणी लागते.

नेहमीच्या संख्येत न बसणाऱ्याची ओळख आमच्या भागाला नवी नाही. भडगावच्या शेजारच्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात बाराव्या-तेराव्या शतकाची एक मोठी आठवण आहे. गणितज्ञ भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावर काय द्यायचं ते त्या काळच्या मराठीत कोरलेलं आहे. गणिताची शाळा आणि बाजारचा वाटा एकाच दगडावर. याच भास्कराचार्यांनी एखाद्या राशीला शून्याने भागलं तर जे येतं त्याला ‘खहर’ असं वेगळं नाव दिलं. शून्य म्हणून ते पुसून टाकलं नाही. जे नेहमीच्या संख्येत बसत नाही त्याला स्वतःचं नाव देण्याची ही रीत आमच्या परिसरात आठशे वर्षं मुरलेली आहे, आणि आम्हीच मुलांना ‘कळलं नाही’ आणि ‘शून्य’ एकाच रकान्यात टाकायला शिकवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आपल्या लिपीविषयी. या लेखात छापलेला प्रत्येक आकडा, साल असो की भाव, जसाच्या तसा ‘एटूएफ’ला किंवा ‘स्ट्रटूडी’ला दिला तर उत्तर शून्य येईल. देवनागरी अंक त्याला अंकच वाटत नाहीत. युनिकोडमध्ये ० ते ९ ओळीने दहा जागांवर बसलेले आहेत, यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना प्रत्येक अंक तीन बाइट घेतो, आणि त्यांची इंग्रजी अंकांत अदलाबदल करणारं फंक्शन माझ्या वर्गातली मुलं एका तासात लिहितात. पायथन ही भाषा तर देवनागरी आकडा काही न करता वाचते. १२.५ देवनागरीत दिले तरी तिला साडेबाराच कळतात. तेव्हा अडचण तंत्राची नाही. आपल्या कोणाला ते करावंसं वाटलं का, एवढाच प्रश्न आहे.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं, मध्ये दोन टिंबं. ०.८१.५० म्हणजे ८१ आर आणि ५० चौरस मीटर. हा आकडा इंग्रजी अंकांत करून ‘एटूएफ’ला दिला, तर ते दुसऱ्या टिंबापाशी थांबेल आणि ५० चौरस मीटर जमीन सोडून देईल. पन्नास चौरस मीटर म्हणजे गावठाणात एक घर बसतं. जमिनीच्या नोंदींवर जो कोणी काम करतो, मग ते काम विम्याचं असो, कर्जाचं असो की ठिबकच्या अनुदानाचं, त्याला दोन टिंबांचा हा आकडा कधी ना कधी भेटतोच.

आणि पाऊस. पर्जन्यमापकाची नोंद आली नाही, रकाना कोरा राहिला, तर त्या दिवशी पाऊस पडला नाही असा अर्थ होत नाही. केळीचा हवामान आधारित विमा तापमान आणि वाऱ्याच्या आकड्यांवर ठरतो. हिवाळ्यातल्या रात्रीचा कोरा रकाना कुणाच्या प्रोग्रॅममध्ये शून्य अंश म्हणून शिरला, तर ज्याला मिळायला नको त्याला मिळेल. जिथे भरपाई अतिपावसावर ठरते, तिथे कोरा पाऊस शून्य झाला तर उलटंही घडेल, ज्याला मिळायला हवं त्याला मिळणार नाही. असं कुठे घडल्याचं मी म्हणत नाही. पण असे प्रोग्रॅम लिहिणारी मुलं आमच्याच वर्गांतून बाहेर पडतात, आणि आम्ही त्यांना काय शिकवून पाठवतो ते मला ठाऊक आहे.

आमच्या वेळी सी शिकायला टर्बो सी या सॉफ्टवेअरचा निळा पडदा होता. दशांश वाचायला गेलं की कधी कधी तो ‘फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड’ म्हणून बंद पडायचा. हेडर फाइल लिहायची राहिली तर ‘एटूएफ’ भलतीच संख्या द्यायचं, कारण ते पूर्ण संख्या परत देतं असं कंपायलर गृहीत धरायचा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकाने आमच्यासारख्या खेड्यातल्या कितीतरी पोरापोरींना या निळ्या पडद्यातून वाट काढायला शिकवलं, त्यांचं ऋण मी मानते. पण टर्बो सीचा तो संदेश निदान ओरडून सांगायचा. मला आज भीती वाटते ती न ओरडणाऱ्या चुकीची.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत ‘वापरकर्त्याकडून दोन संख्या घ्या आणि बेरीज करा’ हा प्रश्न वर्षानुवर्षं येतो. त्यात एक वाक्य वाढवा: दिलेली ओळ संख्या नसेल तर प्रोग्रॅमने तसं सांगावं. पाच गुण त्यालाच ठेवा. मुलं लगेच शिकतील, कारण मुलं गुणांसाठी शिकतात आणि मग सवय लागते. शिक्षकांनी ‘एटूएफ’ इतिहास म्हणून जरूर दाखवावं, कामासाठी ‘स्ट्रटूडी’च शिकवावं. जे आधीपासून धंद्यात आहेत, बाजार समित्यांना, पतपेढ्यांना, दूध सोसायट्यांना सॉफ्टवेअर पुरवतात, त्यांनी आपल्या जुन्या फाइलींत ‘एटूएफ’ शोधावं. मी शोधलं तेव्हा माझ्या एका प्रोग्रॅममध्ये ते एकतीस ठिकाणी निघालं. सगळं बदलायला मला दोन रात्री लागल्या.

आता त्या जिनिंगमध्ये आकडा अर्धवट वाचला गेला तर पडद्यावर मराठीत ओळ येते: ‘हा आकडा कळला नाही, पुन्हा टाका.’ चिठ्ठी छापली जात नाही. सुरुवातीला मुनीमजी वैतागले, गर्दीच्या वेळी दोनदा टाइप करावं लागतं म्हणून. पुढच्या हंगामात आबा आले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि ती ओळ दाखवायला सांगितली. मी मुद्दाम मोकळी जागा टाकून दाखवलं. ओळ आली. आबांनी ती मोठ्याने वाचली आणि मगच ट्रॉली काट्यावर चढवू दिली.

तुम्ही यंदा कापूस घेऊन जाल, केळीचं वजन कराल किंवा दुधाचं फॅट लावाल, तेव्हा वजन आणि भाव तोंडी गुणून पाहा. आणि तुम्ही सोसायटीसाठी नवं सॉफ्टवेअर विकत घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी वजनाच्या रकान्यात ‘चोवीस’, मग एक स्पेस, मग ‘टिंब पंच्याऐंशी’ टाइप करा. चिठ्ठी छापली गेली तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.